सोलरच्या टाकीतलं कोमट पाणी

पावसाळी सकाळी मुलुंडच्या आमच्या इमारतीत गरम पाण्याचा नळ सोडला की आधी दीड बालदी गार पाणी येतं. मग कोमट. चार दिवस ऊन नसलं की गच्चीवरच्या सोलरचं पाणी त्यापुढे तापत नाही. एकदा थर्मामीटर बुडवून पाहिला, तर ४० अंश सेल्सिअस. अंघोळीला बरं वाटतं ते पाणी. लिजिओनेला नावाच्या जिवाणूलाही असंच पाणी मानवतं.

हा जिवाणू बाहेरून कुणी आणून टाकत नाही. नदी-तलावांत तो थोडाफार असतोच. भातसा-वैतरणेचं पाणी भांडुपच्या संकुलात शुद्ध होऊन, क्लोरीन मिसळून निघतं, तेव्हा त्याचा जोर मोडलेला असतो. पण उपनगरांत पाणी ठरावीक तासच येतं, म्हणून आपण ते साठवतो. खालच्या टाकीतून पंपाने वरच्या टाकीत, तिथून सोलरच्या टाकीत. प्रत्येक मुक्कामी क्लोरीन थोडा उडतो आणि पाणी तापलं की आणखी लवकर उडतो. जिथे जंतूंना ऊब मिळते, नेमकं तिथेच पाण्याचं संरक्षण सर्वांत कमी असतं.

लिजिओनेला २० अंशांखाली सुस्त असतो. साधारण २५ ते ४५ अंशांत भराभर वाढतो, ५० च्या वर वाढ थांबते आणि ६० अंशांना काही मिनिटांत बहुतेक मरतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की गरम पाणी ६० अंशांना साठवा आणि नळाला ते किमान ५० अंश यायला हवं. गार पाणी २० अंशांखाली ठेवा, असंही थंड देशांत सांगतात. मे महिन्यात आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं ‘गार’ पाणी तिशी ओलांडतं. त्यामुळे आपल्या हाती उरतो तो गरम बाजूचाच उपाय.

शॉवरची जाळी काढून बोट फिरवून बघा. पांढऱ्या क्षारांखाली बुळबुळीत थर लागतो. तसाच थर नळांच्या आतही असतो. त्यात अमीबा जंतू खाऊन जगतात. लिजिओनेलाला मात्र अमीबा गिळतो, पण पचवू शकत नाही. जिवाणू त्याच्या पोटातच वाढतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. माणसाच्या फुप्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशींचंही तो हेच करतो. ही युक्ती तो आपल्या नळांतच शिकून आलेला असतो, हे वाचलं तेव्हा मी हादरलो होतो.

धोका मुख्यतः श्वासातून जाणाऱ्या बारीक तुषारांचा. तांब्याने अंगावर पाणी घेताना तुषार कमी उडतात, शॉवरखाली जास्त. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकी माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं आणि त्यानंतर अनेकजण न्यूमोनियाने दगावले. ‘लीजन’ या त्यांच्या संघटनेवरून जिवाणूला नाव मिळालं. तो एकाकडून दुसऱ्याला सहसा लागत नाही. वृद्ध, धूम्रपान करणारे आणि प्रतिकारशक्ती खालावलेले यांना जास्त धरतो. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत, अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखी चालतात. म्हणून डॉक्टरांना वेळेत शंका येणं फार मोलाचं.

त्याच बुळबुळीत थरात क्षयरोगाच्या जंतूचे चुलतभाऊही राहतात. अंगावर मेणचट आवरण असल्याने ते क्लोरीनला दाद देत नाहीत. तेही फुप्फुसाला त्रास देऊ शकतात, पण आपल्या शहरात क्षय इतका आहे की थुंकीच्या काचपट्टीवर लाल कांड्या दिसल्या की मनात क्षयच येतो. क्षयाचा जंतू आणि हे चुलतभाऊ सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. जनुकीय चाचणी किंवा कल्चर केल्याशिवाय फरक कळत नाही, आणि क्षयाची नेहमीची औषधं या भावंडांवर अनेकदा अपुरी पडतात.

इमारतीत सर्वांत वाईट जागा म्हणजे पाणी न हलणारी. मुलं परदेशी गेल्याने बंद पडलेला फ्लॅट. स्वयंपाकघर बदलताना बूच मारून सोडलेला नळाचा तुकडा. वीजबिल वाचवायला सोलरची विजेवरची कॉइल पावसाळाभर बंद ठेवणं हेही मला पटत नाही. आठवड्यातून एकदा तरी टाकी ६० अंशांपर्यंत तापवावी, आणि त्या दिवशी घराघरांत कळवावं, कारण त्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते.

गणपतीला गावी जाऊन पंधरा दिवसांनी परतलात, तर लगेच शॉवरखाली उभे राहू नका. घरात गिझर असेल तर तो पूर्ण तापवा. शॉवरची जाळी काढा, खिडकी उघडा, तोटी बालदीच्या तळाशी धरून हळू सोडा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. पाणी हाताला चटका देईपर्यंत वाहू द्या. जाळी तोवर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा.