चरबीची जागा आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार कशाने होतो आणि कशाने बळावतो, या प्रश्नाच्या उत्तरात मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही नावे आधी येतात. या दोन्हींच्या मागे अनेकदा उभी असते ती शरीरातील चरबी. चरबी किती आहे, एवढ्यावर तिचा धोका ठरत नाही. ती मांड्यांवर आहे, पोटाच्या पोकळीत आहे की थेट मूत्रपिंडाभोवती, यावर बरेच काही अवलंबून असते. वजन बेताचे पण पोट सुटलेले, अशी शरीरयष्टी भारतात सर्रास दिसते. म्हणूनच हा विषय मराठी वाचकाच्या अगदी जवळचा आहे.

मूत्रपिंडाचे काम आणि विकाराच्या पायऱ्या

एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या टोकाशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो आणि रक्त तिथे गाळले जाते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक सगळा पुन्हा शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळले जाते, त्या आकड्याला जीएफआर म्हणतात. निरोगी तरुण माणसात तो ९० किंवा त्याहून अधिक असतो. तो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली राहिला, किंवा तेवढा काळ लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात राहिले, तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे निदान होते. जीएफआर १५ च्या खाली गेला की डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ जवळ आलेली असते.

नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. उरलेल्या नेफ्रॉनना त्याचे काम अंगावर घ्यावे लागते आणि त्या ताणाने तेही झिजतात. त्यामुळे मूळ कारण आटोक्यात आले तरी विकार पुढे सरकत राहू शकतो.

चरबीच्या वेगवेगळ्या जागा

फ्रान्समधील मार्सेय येथील डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ मध्ये लठ्ठपणाचे दोन प्रकार मांडले. एकात चरबी शरीराच्या वरच्या भागात, मुख्यतः पोटाभोवती साठते. हा प्रकार पुरुषांत अधिक आढळतो. दुसऱ्यात ती नितंब आणि मांड्यांवर साठते आणि हा प्रकार स्त्रियांत अधिक दिसतो. मधुमेह आणि हृदयविकार यांचे नाते प्रामुख्याने पहिल्या प्रकाराशी आहे, हे त्यांचे निरीक्षण पुढे पक्के ठरले. स्त्रियांना पाळी असेपर्यंत काहीसे संरक्षण असते. रजोनिवृत्तीनंतर त्यांची चरबीही पोटाकडे सरकू लागते.

पोटावर चिमटीत येते ती त्वचेखालची चरबी. आतड्यांभोवती आणि यकृताजवळ असते ती आंतरिक चरबी. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्ले बऱ्याच अंशी थेट यकृताकडे जातात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात. साठवणीच्या नेहमीच्या जागा अपुऱ्या पडल्या की चरबी यकृत, स्नायू, हृदय अशा भलत्याच ठिकाणी मुरते. मूत्रपिंडही त्यातून सुटत नाही. त्याच्या बाहेरच्या आवरणाभोवती, मधल्या पोकळीत आणि खुद्द पेशींमध्ये चरबी साठू शकते.

इजा कशी होते

पहिली वाट दाबाची. पोटातील चरबी वाढली की रेनिन, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकसाखळी जोमाने काम करू लागते. अँजिओटेन्सिनचा कच्चा माल चरबीच्या पेशीही बनवतात. रक्तातील जादा इन्सुलिन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते. रक्तदाब चढतो, नेफ्रॉनमधील गुच्छातला दाबही वाढतो आणि मूत्रपिंड गरजेपेक्षा जास्त गाळू लागते. या टप्प्यावर तपासणीचा अहवाल उत्तम येऊ शकतो. आत मात्र गुच्छ फुगत असतात. गाळणीला आधार देणाऱ्या पोडोसाइट नावाच्या पेशींची संख्या वाढू शकत नाही, त्या ताणल्या जातात आणि शेवटी सुटतात. मग अल्ब्युमिन गळू लागते आणि गुच्छांवर व्रण पडतात.

दुसरी वाट थेट दबावाची आहे. मूत्रपिंडाभोवती आणि त्याच्या पोकळीत साठलेली चरबी तिथल्या शिरा आणि नलिका दाबते. त्यामुळे मीठ आणखी साठते.

तिसरी वाट रासायनिक आहे. फुगलेल्या चरबीपेशी दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात आणि अ‍ॅडिपोनेक्टिन हे उपकारक संप्रेरक कमी बनवतात. अ‍ॅडिपोनेक्टिन तयारच होऊ न शकणाऱ्या उंदरांच्या लघवीत अल्ब्युमिन आढळले आणि त्यांच्या पोडोसाइटमध्ये बिघाड दिसला, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. याखेरीज मूत्रपिंडाच्या पेशींत शिरलेली चरबी त्यांची ऊर्जानिर्मिती बिघडवते.

लठ्ठपणामुळे होणारा गुच्छांचा विकार आता स्वतंत्र आजार म्हणून ओळखला जातो. न्यूयॉर्कमधील रोगनिदानतज्ज्ञांनी १९८६ ते २००० या काळातील ६,८१८ मूत्रपिंड-बायोप्सींचा आढावा घेतला. त्यात या विकाराचे प्रमाण ०.२ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर, म्हणजे दहापट गेल्याचे दिसले.

मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष

एकूण लठ्ठपणाही धोक्याचाच आहे. कॅलिफोर्नियातील तीन लाख वीस हजार प्रौढांच्या २००६ मधील अभ्यासात, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, ३० ते ३५ असलेल्यांना मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचा धोका सामान्य वजनाच्या लोकांच्या तुलनेत साडेतीन पटींहून अधिक होता. बीएमआय ४० च्या पुढे तो सात पटींवर गेला. २०१९ मध्ये ३९ समूहांतील सुमारे ५५ लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. बीएमआय, कंबरेचा घेर, उंचीच्या तुलनेत कंबर, यांपैकी कोणतेही माप वाढले तरी जीएफआर घसरण्याचा धोका वाढतो, असे त्यातून स्पष्ट झाले.

चरबीच्या जागेचे महत्त्व दिसते ते बारीक माणसांत. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन शहराच्या पाहणीत, वजन सामान्य असूनही चरबी पोटाशी असलेल्यांची गाळणक्रिया बिघडलेली आढळली. त्याच शहरात ३१५ निरोगी माणसांची काटेकोर मोजणी झाली. नितंबांच्या तुलनेत कंबर जितकी मोठी, तितका मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी आणि गुच्छांवरील ताण जास्त, असे त्यात दिसले.

डायलिसिसवरील रुग्णांत चित्र गुंतागुंतीचे होते. तिथे बीएमआय जास्त असलेले रुग्ण अधिक जगतात असे वारंवार दिसते, कारण वजनात स्नायूंचा आणि पोषणाचाही वाटा असतो. इटलीतील ५३७ डायलिसिस-रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासाने हे कोडे बरेचसे उलगडले. बीएमआय वाढला तसा मृत्यूचा धोका घटला, पण कंबर वाढली तसा तो वाढला. डायलिसिसच्या रुग्णाने अंगावर मांस राखणे हिताचे असते. पोट वाढणे त्यालाही घातकच ठरते.

पुण्याची बाळे आणि नेफ्रॉनची शिदोरी

वजन बेताचे पण पोट सुटलेले, या भारतीय शरीरयष्टीचे कोडे समजून घेण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम पायाभूत आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांची तुलना त्यांच्या गटाने इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केली. सरासरी वजन पुण्यात २.७ किलो, तर तिकडे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. २००४ मध्ये याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती.

जन्मवजनाचा मूत्रपिंडाशी आणखी एक संबंध आहे. नेफ्रॉन गर्भातच, साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्यानंतर नवे बनत नाहीत. शवविच्छेदनांवरील एका अमेरिकी अभ्यासात जन्मवजन एका किलोने जास्त असेल तर प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे अडीच लाख गुच्छ जास्त आढळले. कमी वजनाचे बाळ नेफ्रॉनची तुटपुंजी शिदोरी घेऊन जन्माला येते. पुढे त्याच शरीरावर पोटातील चरबीचा भार पडला, तर थोड्या नेफ्रॉनवर जास्त ओझे येते. म्हणूनच मूत्रपिंडाच्या रक्षणाची सुरुवात गरोदर स्त्रीच्या पोषणापासून व्हायला हवी.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार भारतातील ३९.५ टक्के प्रौढांत पोटाचा लठ्ठपणा आहे. बीएमआयने ठरणाऱ्या लठ्ठपणाचे प्रमाण २८.६ टक्के आहे. फक्त वजनकाट्यावर विसंबले, तर कितीतरी माणसे नजरेतून सुटतात.

मोजमाप आणि तपासण्या

कंबर मोजायला साधी टेप पुरते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मध्यावर, कपड्यांवरून न घेता, श्वास सहज सोडल्यावर माप घ्यावे. पँटची कंबर हे खरे माप नव्हे, कारण ती बहुधा पोटाच्या खाली घातलेली असते. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा लक्षात ठेवायला सोपा नियम आहे.

मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे क्रिएटिनिन हे द्रव्य स्नायूंतून येते. स्नायू कमी आणि चरबी जास्त असलेल्या माणसात ते मुळातच कमी असते. त्यामुळे मूत्रपिंड मंदावले तरी अहवाल ‘नॉर्मल’ दिसू शकतो. म्हणून केवळ क्रिएटिनिनवर समाधान मानू नये. त्यावरून काढलेला जीएफआर पाहावा, लघवीतील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचे गुणोत्तर तपासावे आणि शंका असल्यास सिस्टॅटिन-सी ही चाचणी करून घ्यावी. हे गुणोत्तर ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर सतत राहिले, तर जीएफआर चांगला असला तरी विकार सुरू झालेला असतो.

काय करता येते

पोटातील चरबी व्यायामाला लवकर प्रतिसाद देते. काट्यावर फारसा फरक दिसला नाही तरी नियमित जलद चालण्याने ती घटते. स्नायू टिकवण्यासाठी ताकदीचे व्यायामही हवेत. अमेरिकेतील ‘लुक अहेड’ चाचणीत टाइप-२ मधुमेह असलेल्या वजनदार रुग्णांना आहार आणि व्यायामाचे सघन मार्गदर्शन मिळाले. त्यांच्यात गंभीर मूत्रपिंडविकाराचा धोका ३१ टक्क्यांनी कमी राहिला. मीठ कमी केल्याने रक्तदाब आणि अल्ब्युमिनची गळती दोन्ही उतरतात.

औषधांत एसजीएलटी-२ गटाच्या गोळ्या गुच्छातील दाब कमी करतात. २०२० मधील डापा-सीकेडी चाचणीत डापाग्लिफ्लोझिनने विकार बळावण्याचा धोका ३९ टक्क्यांनी घटवला. त्या चाचणीत मधुमेह नसलेले रुग्णही होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लो’ चाचणीत मधुमेह आणि मूत्रपिंडविकार असलेल्या ३,५३३ रुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्यातून एकदा सेमाग्लुटाइडचे इंजेक्शन दिले गेले. त्यांच्यात मूत्रपिंड निकामी होणे आणि तत्सम गंभीर घटना २४ टक्क्यांनी कमी झाल्या. ही औषधे कोणाला द्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

वजन झटपट उतरवणाऱ्या अनोळखी चूर्णांपासून आणि गोळ्यांपासून दूर राहणे फार गरजेचे आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये अशाच गोळ्यांतील एका वनस्पतीमधल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून अधिक जणांच्या, बहुतांशी स्त्रियांच्या, मूत्रपिंडांना गंभीर इजा झाली. ज्यांचा विकार पुढच्या पायरीवर आहे, त्यांनी उपासतापास करून किंवा प्रथिने एकदम वाढवून-घटवून वजन उतरवू नये. त्यात चरबीऐवजी स्नायू झिजण्याची भीती असते.

ज्यांची कंबर धोक्याच्या रेषेपलीकडे आहे, ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे, ज्यांच्या घरात कोणाला मूत्रपिंडविकार झालेला आहे किंवा ज्यांचे जन्मतः वजन कमी होते, त्यांनी वर्षातून एकदा कंबरेचे माप, रक्तदाब, रक्तातील साखर, क्रिएटिनिनवरून जीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन यांची तपासणी करावी. मूत्रपिंडाचा विकार बराच पुढे जाईपर्यंत दुखत-खुपत नाही. म्हणून त्रास होण्याची वाट न पाहता केलेली ही तपासणीच उपचाराला पुरेसा वेळ मिळवून देते.