मोटारसायकलचे वंगण घरच्या घरी

वाचकहो, बैलगाडी हाकलेल्या माणसाला वंगणाची महती सांगावी लागत नाही. आस कुरकुरू लागला की गाडीवान खाली उतरे, वंगण घाली आणि मगच पुढे निघे. त्यात चाक वाचे आणि बैलांचा दमही वाचे. आज आमच्या उत्रोलीत आणि भोरच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बैलगाडीची पुष्कळ कामे मोटारसायकल करते. दुधाचा कॅन तिच्यावरून जातो, खताची गोणी तिच्यावरून येते, दूरच्या वाडीवरचे गुरुजी तिच्यावरूनच शाळा गाठतात. पण आस जसा वेळेवर कुरकुरे, तसे इंजिन कुरकुरत नाही. ते आवाज करू लागते तेव्हा बहुधा मोठ्या खर्चाची वेळ आलेली असते. म्हणून तिचे ऑइल आणि फिल्टर घरी कसे बदलावे, ते आज पाहू.

प्रथम हे तेल आत काय करते ते समजून घेऊ. साध्या चालीतही इंजिनाचा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, मिनिटाला चार-पाच हजार वेळा खालीवर होतो. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये तेलाचा पातळ पापुद्रा लागतो. शिवाय तेच तेल उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूची बारीक कीस आपल्यात धरून ठेवते. म्हणून ते काळे पडते. नुसते काळे दिसले म्हणजे बिघडलेच असे नव्हे. ते आपले काम करीत असते. पण दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी गेले असे समजावे, आणि त्यात धातूचे कण बोटाला टोचू लागले तर गाडी मिस्त्रीला दाखवावी.

पूर्वी ही यातायात नव्हती. १९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरचे आणि लूनाचे इंजिन टू-स्ट्रोक होते. पेट्रोलात ठरावीक प्रमाणात तेल मिसळायचे, ते पेट्रोलाबरोबरच जळून जाई. आजच्या फोर-स्ट्रोक गाडीत तेल खालच्या भांड्यात साठते आणि पुनःपुन्हा फिरते. ते किती किलोमीटरला बदलायचे हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत छापलेले असते. तो आकडा प्रमाण माना. मात्र गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच चालत असेल किंवा धुळीत आणि घाटात राबत असेल, तर थोडे आधीच बदललेले बरे. थोड्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही आणि आतला ओलावा तेलातच राहतो.

तेल कोणते घ्यावे? डब्यावर ‘१० डब्ल्यू ३०’ किंवा ‘२० डब्ल्यू ५०’ असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, दुसरा तापल्यावरचा दाटपणा. पुस्तिकेत असेल तोच आकडा घ्या. दाट तेल म्हणजे चांगले तेल, ही समजूत चुकीची आहे. दुसरी खूण ‘जासो एमए’ या अक्षरांची. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच तेलात भिजतात. चारचाकीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. त्यांनी क्लचच्या चकत्या घसरू लागतात. तेव्हा ट्रॅक्टरचे किंवा जीपचे उरलेले तेल मोटारसायकलमध्ये घालू नये.

आता फिल्टर. तो सर्व गाड्यांत सारखा नसतो. पल्सर किंवा बुलेटसारख्या गाड्यांत बदलता येणारा फिल्टर असतो. स्प्लेंडरच्या जातीच्या शंभर सीसी गाड्यांत मात्र कागदी फिल्टर नसतोच. तेथे एक जाळी असते आणि गरगर फिरून कचरा कडेला फेकणारी गाळणी असते. ती साफ करायला क्लचकडची बाजू उघडावी लागते. ते काम मिस्त्रीवर सोपवा आणि घरी नुसते तेल बदला.

साहित्य थोडेच लागते: योग्य मापाचा रिंग पाना, पसरट घमेले, नरसाळे, चिंध्या, नवे तेल, नवा फिल्टर, त्याची रबरी रिंग आणि नटाखालचा वॉशर. जमले तर हातमोजे घाला, कारण जळके ऑइल कातडीला चांगले नाही.

गाडी अंगणात सपाट जागी, मधल्या स्टँडवर उभी करा. चार-पाच मिनिटे इंजिन चालू ठेवा. कोमट तेल भराभर उतरते. हे बंद खोलीत करू नका, धूर जिवावर बेततो. इंजिन बंद करा, सायलेन्सरला हात लागणार नाही असे बसा आणि मुलांना दूर ठेवा. वरचे तेलाचे झाकण सैल करा, घमेले खाली सरकवा, मग तळाचा नट हळू सोडवा. दहा-पंधरा मिनिटे तेल निथळू द्या. नट पुसून नव्या वॉशरसह आधी हाताने बसवा. आटे सरळ लागले अशी खात्री झाल्यावरच पाना लावा. इंजिनाचे तळ ॲल्युमिनियमचे असते. बेताने आवळा, पान्यावर उभे राहून आवळलेल्या नटाने आटे गेले, तर शंभराचे काम हजारांवर जाते.

मग फिल्टरचे झाकण उघडा. जुना फिल्टर कोणत्या तोंडाने बसला आहे आणि मागे स्प्रिंग आहे का, हे काढण्यापूर्वीच पाहून ठेवा. नवा तसाच बसवा. आणि येथे माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची होणार नाही.

काही वर्षांपूर्वी मी प्रथमच हे काम केले. जुनी रबरी रिंग झाकणाच्या खाचेत चिकटून राहिली होती. मला ती दिसली नाही आणि मी तिच्यावरच नवी बसवली. अंगणात इंजिन चालू करून पाहिले, एक थेंब गळेना. मोठ्या ऐटीत पत्नीला मागे बसवून वरंध घाटाने महाडला निघालो. इंजिन तापले, तशी रिंग सरकली. तेल उडून मागच्या टायरवर गेले आणि एका वळणावर गाडी आडवी झाली. आमचा वेग कमी होता आणि समोरून एस.टी. येत नव्हती, म्हणून गुडघे सोलण्यावर निभावले. तेव्हापासून जुनी रिंग हातात आल्याशिवाय मी नवी बसवीत नाही. तुम्हीही तोच नेम ठेवा.

झाकण लावले की आता नवे तेल. तळाचा नट घट्ट आहे ना, हे पुन्हा एकदा पाहा. तो विसरून ओतलेले तेल घमेल्यात आलेले मी पाहिले आहे! पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडे कमीच ओता. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवा, बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि मग डिपस्टिक किंवा काचेची खिडकी पाहा. बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असेल तर घाला. जास्त झाले तर काढा, कारण जादा तेलही अपायच करते. शेवटी नट आणि झाकण कोरडे आहे का पाहा, पाच-सात किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा पाहा, आणि तारीख व किलोमीटर वहीत टिपून ठेवा.

राहिले घमेल्यातले जळके ऑइल. कोणी ते ओघळीत ओततो, कोणी दाराला फासतो, कोणी गुरांच्या गोचिडांवर चोळतो. जनावर ते चाटते आणि विष पोटात जाते. ओघळीतले तेल पहिल्याच पावसात ओढ्याला लागते, ओढा नीरेला मिळतो, नीरा वीर धरणात जाते आणि तिथून कालव्यांनी बारामती-फलटणच्या शेतांपर्यंत पोहोचते. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला की हवा पाण्यात मिसळायची थांबते आणि मासळी गुदमरते. विहिरीजवळ ओतलेले तेल तर आपल्याच घागरीत येते.

वापरलेले तेल सरकारी नियमांत घातक कचरा म्हणून गणले आहे. ते शुद्ध करून पुन्हा वापरात आणता येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याची जबाबदारी तेल बनविणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. आपण एवढेच करावे: नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यात जुने तेल भरावे, झाकण घट्ट लावावे, आणि परवानाधारकाला तेल देणाऱ्या गॅरेजात किंवा सर्व्हिस सेंटरात नेऊन द्यावे. त्या डब्यात पिण्याचे पाणी मात्र कधीही भरू नये.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या गाडीचे तेल बदलायचे असेल तेव्हा सुटीच्या दिवशी वरच्या वर्गातली चार मुले जवळ बसवा. नवे आणि जुने तेल दोन काचेच्या पेल्यांत शेजारी ठेवा. मग बशीभर पाण्यात जुन्या तेलाचा एक थेंब सोडून तवंग कसा पसरतो ते दाखवा. घर्षणाचा धडा मुलांना समजेल, आणि ओढ्यात तेल का ओतू नये हे ती घरी जाऊन वडिलांना सांगतील. बशीतले ते पाणीसुद्धा मोरीत न ओतता जुन्या तेलाच्या डब्यातच टाका. मुले पाहत असतात.