मे महिन्याची सुट्टी दिवाळीतच ठरते

चकली-चिवड्याच्या ताटावर मे महिन्याच्या सुट्टीचा विषय काढला, तर घरची मंडळी आपल्याकडे नवलाने पाहतील. लोणावळ्याला राहणाऱ्या आम्हा लोकांना तर सुट्टी म्हणजे मुंबईच्या पाहुण्यांची वर्दळ, एवढेच ठाऊक. तरीही हा विषय आजच काढतो आहे, कारण उशिरा काढल्याचे मोल आमच्या घराने दिले आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमची थोरली नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली. तिचा शेवटचा पेपर आटोपल्यावर मी मोठ्या उत्साहाने चौकशीला लागलो. इस्रोच्या ‘युविका’ या कार्यक्रमाची माहिती हाती आली, तोवर अर्जाची मुदत उलटून गेली होती. “पुढच्या वर्षी पाहू,” मी म्हणालो.

“बाबा, पुढच्या वर्षी मी दहावीत असेन. हे फक्त नववीच्या मुलांसाठी आहे,” ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

तेव्हा ज्यांची मुले आठवी-नववीत आहेत, त्यांनी थोडे कान देऊन ऐकावे. ‘युविका’ 2019 साली सुरू झाली. मे महिन्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या केंद्रात राहून अवकाशविज्ञान शिकायचे, शास्त्रज्ञांशी बोलायचे, प्रयोगशाळा पाहायच्या. प्रवास, निवास, भोजन यांचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण पाहतात आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांच्या मुलांना जादा गुण मिळतात. मावळातल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांनी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे! अर्ज मात्र सहसा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ऐन परीक्षेच्या धांदलीत भरावे लागतात.

दुसरे ठिकाण पुण्यात, गणेशखिंडीला. ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था 1988 साली डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने उभी राहिली. तेथे 1993 पासून शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम भरत आला आहे. मुलाने आठवडाभर एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली एखादा विषय उलगडायचा. ठरीव पुस्तक नाही की परीक्षा नाही. मुलांच्या विज्ञानासाठी असलेल्या तिथल्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’. पु. ल. देशपांडे यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ती उभी राहिली, हे मराठी माणसाला सांगताना मन भरून येते. या उपक्रमासाठी शाळेमार्फत नावे जातात. म्हणून मुख्याध्यापकांना जानेवारीतच भेटावे. गणिताची गोडी असलेल्या मुलांनी पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात ऑलिंपियाडच्या वर्गांची चौकशी करावी. ही संस्था 1976 साली प्रा. श्रीराम अभ्यंकरांनी स्थापिली.

आता एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ ठिकाणी ‘उन्हाळी वर्ग’ म्हणून घसघशीत शुल्क घेऊन पुढच्या इयत्तेचाच अभ्यास आधी उरकतात. हा वर्ग म्हणजे दोन महिने अगोदर आलेला जूनच होय. पैसे भरण्यापूर्वी एकच विचारावे: येथे मुलाने प्रश्न विचारायचे, की केवळ उत्तरे लिहून घ्यायची?

आणि निवड झाली नाही तर? तर शाळा आपल्या दारातच आहे. कार्ल्याच्या चैत्यात जाऊन पाहा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून छताला आहेत, आणि दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत खांबांवर कोरलेली आहेत. ती लिपी आठ-पंधरा दिवसांत ओळखू येऊ लागते. वळवणचे धरण घ्या. लोणावळ्याच्या परिसरातले पाणी घाटाखाली नेऊन खोपोलीला 1915 पासून वीज निघते.

आमच्या धाकट्याला मी विचारले, “आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी पाचशे मीटर खाली ओतली, तर वीज किती निघेल?” तो यंदा नववीत आहे. थोरली त्याच्याशेजारी कागद घेऊन बसली. दोघांनी आकडे मांडले, भांडले, पुन्हा मांडले. उत्तर आले सुमारे 1.36 युनिट, तेही कोठे काही वाया गेले नाही तर!

“एवढीच?” धाकटा म्हणाला. त्या दिवसापासून रिकाम्या खोलीतला दिवा तो स्वतः उठून बंद करतो.

नवे कॅलेंडर घरात आल्याबरोबर फेब्रुवारीच्या पानावर लाल खूण करायची, हे आमच्याकडे ठरले आहे. हे काम थोरलीने आपणहून स्वतःकडे घेतले. धाकट्याचे नशीब चांगले. त्याला बहीण आधी मिळाली.