पलंगाखालचं वाळवंट

दत्तक घेतलेली मांजर घरी आणून बास्केटचं दार उघडलं, की पाच मिनिटांत ती पलंगाखाली जाते आणि घरातली सगळी मंडळी जमिनीवर पालथी पडतात. कोणाच्या हातात मोबाईलचा टॉर्च, कोणाच्या हातात सुरमईचा तुकडा, आणि एका सुरात ‘माऊ, ये ना गं बाहेर’. आतून दोन चमकते डोळे नुसते बघत राहतात. ‘रुसली’, ‘माणूसघाणी दिसते’ असे निकाल लागतात. संध्याकाळपर्यंत कोणीतरी झाडूचा दांडा घालून तिला बाहेर काढायचीही सूचना करतं.

झाडू कृपा करून जागेवर ठेवा. पलंगाखाली जे चाललेलं असतं ते फार जुनं आहे.

जगभरातल्या पाळीव आणि रानमांजरांच्या जनुकांची तुलना २००७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातून दिसलं ते असं, की सदाशिव पेठेतली काय आणि टोकियोतली काय, प्रत्येक घरगुती मांजर पश्चिम आशियातल्या एका रानमांजरीच्या वंशातली आहे. आपल्या कच्छ-राजस्थानात फिरणारी ठिपकेदार वाळवंटी मांजर ही तिची चुलत बहीण. ही मूळ रानमांजर एकटीने राहणारी, कोरड्या मुलखातली. उंदीर, पाली, पाखरं ती मारते. कोल्हे आणि गरुड तिला मारतात. वाघाला लपावं लागतं ते शिकारीपुरतं. हिला शिकार करायची म्हणूनही लपावं लागतं आणि शिकार व्हायचं नाही म्हणूनही. अनोळखी मुलखात आल्याबरोबर खडकाची एखादी कपार शोधायची, पाठ झाकायची आणि एकाच बाजूने येणाऱ्या धोक्यावर नजर ठेवायची, हा तिच्या जातीचा शिरस्ता आहे. टू बीएचकेमध्ये कपारी नसतात. पलंग असतो.

२०१४ साली नेदरलँड्समधल्या एका निवाराकेंद्रात नव्याने आलेल्या १९ मांजरींवर साधा प्रयोग झाला. काहींना पिंजऱ्यात लपायला खोका दिला, काहींना नाही. खोकेवाल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच दुसऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी झाला. तेव्हा मिक्सर ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला तो रद्दीत देऊ नका. आडवा ठेवा, आत जुना टॉवेल अंथरा.

पण लपून ती करते काय? मुख्यतः हुंगते. आपण नव्या घरात शिरलो की डोळ्यांनी घर बघतो. तिचं घर वासांचं बनलेलं असतं. नाकाखेरीज तिच्या टाळूत एक वेगळं गंधेंद्रिय असतं. मधूनच ती तोंड अर्धवट उघडून, वरचा ओठ उचलून, किळस आल्यासारखा चेहरा करून थबकते ना, तेव्हा ती वास त्या टाळूकडे पोचवत असते. शिवाय गालांवर, हनुवटीखाली, शेपटीच्या मुळाशी तिच्या स्वतःच्या गंधग्रंथी. खुर्चीच्या पायाला गाल घासला की तिथे तिचा शिक्का उमटतो. फ्रान्समधले पशुवैद्य पॅट्रिक पाजा यांनी १९९०च्या दशकात या गालांवरच्या स्रावाचे घटक वेगळे केले आणि त्यातल्या एकाची नक्कल आता प्लगमध्ये लावायच्या बाटलीतून मिळते. ती महाग असते आणि प्रत्येक मांजरीला सारखीच लागू पडते असंही नाही. तिच्या स्वतःच्या गालाचा वास मात्र फुकट आहे: मऊ सुती फडकं तिच्या गालावरून हळूच फिरवायचं आणि तेच टेबलाच्या पायांना, दाराच्या कडांना, तिच्या नाकाच्या उंचीवर पुसायचं. आधीच्या जागेवरून तिच्या अंथरुणाचा एखादा तुकडा मागून आणायचा आणि तो धुवायचा नाही. सुरुवातीला तिला एकच खोली द्यायची. अख्खं घर एकदम दिलं, तर एवढ्या मुलखावर शिक्के मारता मारता तिची दमछाक होते.

इथे आपल्या संस्कारांची पंचाईत होते. पाहुणा यायचा म्हणून आपण फिनेल टाकून फरशी लख्ख पुसतो. मांजरीसाठी हे दोनदा वाईट. आदल्या दिवशी तिने मेहनतीने केलेल्या खुणा पुसल्या जातात, आणि फिनेलमधली रसायनं पंजांना लागतात, पंजे ती चाटते, पोटात विष जातं. अशा पदार्थांना ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन शरीराबाहेर काढायची सोय आपल्या यकृतात आहे. मांजरीत ती सोय सांभाळणाऱ्या एका विकराचं जनुकच मोडून पडलेलं आहे. शास्त्रज्ञांचा तर्क असा, की निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याच्या पोटात वनस्पतींची विषं जाणारच कमी. न वापरलेलं हत्यार पिढ्यान्‌पिढ्या गंजत गेलं. म्हणूनच आपल्या घरात सर्दी-तापाला सहज घेतली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. लिलीच्या फुलांचा गुच्छही घरात नको. त्याने मूत्रपिंडं निकामी होतात, फुलदाणीतलं पाणी चाटलं तरीसुद्धा.

मोडलेलं आणखी एक जनुक गोडाच्या चवीचं आहे. ते २००५ मध्ये लक्षात आलं. मांजरीला गोड कळतच नाही. श्रीखंडात तोंड घालते ती स्निग्धांशासाठी, साखरेसाठी नव्हे.

आता दूध-पोळीबद्दल बोलायलाच हवं, कारण मराठी घरात मांजर आली की वाटीत पहिल्यांदा तीच पडते. ‘आमच्या आजीकडच्या मांजरी दूधभातावर पंधरा वर्षं जगल्या’ हे मी अनेकांकडून ऐकलंय, आणि ते खरंही असेल. पण आजीच्या घराला माळा होता, धान्याची कणगी होती आणि मागे गोठा. दूधभात तिथे वरकड होता. खरं जेवण त्या मांजरी रात्री स्वतः पकडत होत्या. उंदरात टॉरिन भरपूर असतं. हे द्रव्य मांजरीचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही आणि पोळीत तर ते नसतंच. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून दुबळं होतं. पाळीव मांजरींतल्या या हृदयविकाराचं मूळ टॉरिनच्या कमतरतेत आहे, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं आणि त्यानंतर मांजरीच्या तयार खाद्यात ते नीट मोजून घालू लागले. सातव्या मजल्यावरच्या मांजरीला उंदीर मिळणार नाही. तिला मांजरीसाठीच बनवलेलं खाद्य हवं, कुत्र्याचं चालत नाही. कधी चिकन उकडून दिलंत तर त्याचं पाणीही द्या. टॉरिन पाण्यात उतरतं. दुधाचं म्हणाल तर मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरींना ते पचत नाही, जुलाब होतात. आणि शाकाहारी घराने हे आधीच ठरवावं, की स्वयंपाकघरात मांस येणार आहे. ते जमणार नसेल तर ससा पाळावा.

पहिला दिवस ती कदाचित काही खाणार नाही. आधीच्या ठिकाणी जे खात होती तेच ठेवा, बदल पुढे आठवडाभरात हळूहळू करा. पण पुरता एक दिवस उलटून दुसराही तसाच जायला लागला तर डॉक्टरांना फोन करा. उपाशी मांजरीच्या, त्यातही लठ्ठ मांजरीच्या यकृतात चरबी साठत जाते आणि ते जीवावर बेतू शकतं. पाणी खाण्यापासून दूर, पसरट भांड्यात ठेवा. वाळवंटातल्या पूर्वजांमुळे हिला तहान मुळात कमी लागते.

शी-शूची शिकवणी मात्र जवळजवळ द्यावी लागत नाही, आणि याचं श्रेयही त्या वाळवंटालाच. भुसभुशीत माती उकरायची, झाकून टाकायची, शत्रूला माग लागू द्यायचा नाही. पूर्वी घरोघरी घमेल्यात वाळू नाहीतर चुलीतली राख असे. १९४७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका बाईंकडची वाळू थंडीने गोठली आणि त्या शेजारच्या एडवर्ड लो यांच्याकडे वाळू मागायला गेल्या. लो यांच्याकडे सांडलेलं तेल टिपायची वाळलेली चिकणमाती होती, तीच त्यांनी दिली. तिच्यावर पुढे एक अख्खा उद्योग उभा राहिला. ओली झाली की गोळा होणारी माती आली ती १९८०च्या दशकात. तिचं नाव बेंटोनाइट, आणि तिचे मोठे साठे कच्छमध्ये आहेत. ज्वालामुखीच्या खडकांपासून तिथे ही माती तयार झाली, आणि ते खडक त्याच प्रचंड लाव्ह्याचे, ज्यातून आपला सह्याद्री घडला. राजगडाचा कातळ आणि मनीचा लिटर बॉक्स यांची सोयरीक कोणाला सुचली असती? बॉक्स मात्र मोठा घ्या, तिच्या लांबीच्या दीडपट तरी. वॉशिंग मशीनशेजारी नको, जेवणाच्या वाटीजवळ तर नकोच, आणि रोज साफ व्हायला हवा. बोका बॉक्समध्ये वारंवार जाऊन बसतो पण लघवी होत नाही असं दिसलं, तर उद्याची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर प्रश्न तासांचा असतो.

लसी, जंतांचं औषध, नसबंदी यांचं वेळापत्रक डॉक्टर देतील. रेबीजची लस घरकोंबड्या मांजरीलाही द्यायची. पण जाळीचं काम डॉक्टरांवर सोडून भागत नाही. बाल्कनीला आणि खिडक्यांना ती मांजर येण्याआधीच लागायला हवी. मांजर चार पायांवर पडते हे खरं. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात पाच महिन्यांत इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरी आल्या आणि सुमारे नव्वद टक्के वाचल्या. हा आकडा लोक फार आनंदाने सांगतात. ज्या जागीच मेल्या त्यांना रुग्णालयात कोणी आणलंच नव्हतं, हे सांगायचं राहून जातं.

मग ती बाहेर येते, बहुधा रात्री, तुम्ही बघत नसताना. तिच्याकडे टक लावून बघू नका. डोळे मिटून दूध पिणारी मांजर आपल्या म्हणीत लबाड ठरली आहे, पण २०२० मध्ये ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी पाहिलं, की माणसाने मांजरीकडे बघत डोळे सावकाश अर्धवट मिटले तर तीही तसंच करते, आणि अशा अनोळखी माणसाच्या जवळही जास्त सहज येते. करून बघायला काही लागत नाही. ती गाल तुमच्या पोटरीला घासू लागली की दुसऱ्या खोलीचं दार उघडा.

त्यानंतर म्याँव सुरू होईल. मोठ्या मांजरी एकमेकींशी क्वचितच म्याँव करतात. तो आवाज त्यांनी बहुतांशी माणसांसाठी राखून ठेवलाय. आणि तिची शिकारीची वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची असल्यामुळे तो पाच वाजता ऐकू येईल. उठून वाटी भरायची नाही, निदान लगेच तरी नाही. रात्री झोपण्याआधी दोरी-काडीने तिला भरपूर खेळवा आणि मग जेवायला द्या, म्हणजे शिकार आणि जेवण ठरल्या क्रमाने होऊन ती झोपेल. एकदा पहाटे उठून वाटी भरलीत, तर रविवारीसुद्धा सुट्टी नाही.