पोटातील वाट आणि रंगाची खूण

बंद साचा शंभर वेळा न्याहाळला, तरी धागा नेमका कोठे तुटतो हे कळत नाही. साचा चालवूनच ते पाहावे लागते, हे साळखात्यात काम केलेला प्रत्येकजण जाणतो. पोटाचेही तसेच आहे. मृत प्राण्याचे आतडे कापले तर रचना समजते. अन्न पुढे कसे सरकते ते समजत नाही. आणि जिवंत पोटाला खिडकी नसते.

ती खिडकी निसर्गाने एका माशाच्या पिल्लाला दिली आहे. हा झेब्रा मासा मूळचा आपल्याच देशातला. गंगेच्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी 1822 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याचे वर्णन आहे. अंड्यातून दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर पडते. पाचव्या दिवसाच्या सुमारास ते स्वतः खाऊ लागते. तेव्हा त्याची लांबी जेमतेम 4 मिलिमीटर असते आणि अंग इतके पारदर्शक, की सूक्ष्मदर्शकाखाली आतडे हलताना दिसते.

मग रंग कशाला? आतड्याची भिंत दिसली, तरी आतला घास कोठवर पोहोचला हे ओळखू येत नाही. त्यासाठी घासालाच खूण करतात. कधी फिनॉल रेड हा लाल रंग मिसळलेला द्रव बारीक सुईने तोंडावाटे आत सोडतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत पिल्लांच्या खाद्याच्या पुडीत चकाकणारे सूक्ष्म कण मिसळून ती पिल्लांना खाऊ घातली. नंतर काही तासांनी कण कोठवर गेले ते पाहिले, म्हणजे आतड्याची चाल मोजता येते.

या माशाला जठर नाही; आतड्याच्या पुढच्या फुगीर भागात अन्न साठते. त्या भागाच्या मागच्या टोकाशी आकुंचनाच्या लाटा उठतात. काही तोंडाकडे जाऊन अन्न घुसळतात, काही मागे जाऊन ते पुढे ढकलतात. एक सावधगिरी मात्र हवी. पिल्लू स्थिर राहावे म्हणून गुंगी दिली, तर आतडेही मंदावू शकते. म्हणून निरोगी आणि सदोष अशा दोन्ही पिल्लांना सारखेच वागवून तुलना करावी लागते. नाहीतर गुंगीचा दोष आतड्याच्या माथी बसतो.

हे सारे सांगण्याचे प्रयोजन काय? सुमारे 5,000 अर्भकांमागे एखादे अर्भक असे जन्मते, की ज्याच्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. तो भाग आकसलेला राहतो, मल अडतो, पोट फुगते. कोपनहेगनचे डॉक्टर हिर्शस्प्रुंग यांचे नाव या विकाराला आहे. आज त्यावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय आहे. या विकाराशी संबंधित 'रेट' नावाचे जनुक माशात बिघडले, तर त्याच्याही आतड्यात या पेशी पोहोचत नाहीत. अशा पिल्लांच्या पोटातील रंगाची चाल पाहून बिघाडाचे मूळ आणि औषधांचा परिणाम तपासता येतो.

घरी नेण्याजोगी गोष्ट एवढीच. नवजात बालकाला 48 तासांत पहिली शी झाली नाही, तर 'होईल आपोआप' म्हणून थांबू नये. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.