युनायटेड किंग्डममधील इंटरनेट दूरध्वनीकडे स्थित्यंतर

तांब्याच्या तारांवरील सार्वजनिक दूरध्वनी जाळे बंद करून सर्व संभाषणे इंटरनेट प्रोटोकॉलद्वारे वाहून नेण्याची योजना युनायटेड किंग्डममध्ये आखण्यात आली. घरांबरोबरच लहानमोठ्या व्यवसायांनाही ती लागू आहे.

कालक्रम

बीटी समूहातील ओपनरीच या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या सेवेच्या नव्या जोडण्या देणे देशभर थांबवले. जुनी सेवा डिसेंबर २०२५ पर्यंत बंद होणार होती. मे २०२४ मध्ये ही मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवण्यात आली. वृद्ध व आजारी व्यक्तींची मदत मागवण्याची उपकरणे सुरक्षितपणे नव्या जाळ्यावर नेणे, हे त्यामागील एक कारण होते.

कार्यपद्धती

व्हीओआयपी तंत्रात आवाजाचे डिजिटल पॅकेटांत रूपांतर होते. जुन्या आयएसडीएन प्राथमिक जोडणीवर एका वेळी जास्तीत जास्त ३० संभाषणे होत. नव्या पद्धतीत ही संख्या इंटरनेटची क्षमता व सेवा करार यांवर ठरते. क्रमांक एका जागेशी बांधलेला नसल्याने कार्यालयाचा फोन घरूनही घेता येतो.

मर्यादा

जुन्या तारेतून एक्स्चेंजची वीजही येत असे. म्हणून इमारतीतील वीज गेली तरी साधा फोन चालू राही. इंटरनेट फोन मात्र पर्यायी वीज नसल्यास राउटरबरोबरच बंद पडतो आणि त्यावरून ९९९ हा आपत्कालीन क्रमांकही लावता येत नाही. लिफ्टमधील आपत्कालीन फोन, चोरीची सूचना देणारी यंत्रणा, कार्ड यंत्रे आणि फॅक्स हेही अनेकदा जुन्याच तारेवर असतात. त्यामुळे केवळ टेबलावरील फोन बदलल्याने व्यवसायाचे स्थलांतर पूर्ण होत नाही.