गाडीचा ई.जी.आर. व्हॉल्व पुन्हा पुन्हा का बिघडतो?

आपल्या बीड जिल्ह्यात लहान व्यापाऱ्याची अर्धी दुकानदारी चार चाकांवर चालते. कोणी सुरत-मालेगावहून माल आणतो, कोणी नेकनूर, गेवराई, माजलगावच्या बाजारात गाठी घेऊन जातो. गाडी उभी राहिली की धंदा उभा राहतो. म्हणून या वेळी कापडाच्या भावाऐवजी गाडीच्या एका बिघाडाबद्दल लिहीत आहोत. आम्ही मिस्त्री नाही, कापडवाले आहोत. पण या एका बिघाडापायी आम्हाला वर्षात तीन वेळा गॅरेजची पायरी चढावी लागली, आणि ऐन लग्नसराईत माल वेळेवर न पोहोचल्याने एक जुने गिऱ्हाईक हातचे गेले. आमचे नुकसान झाले ते झाले, आपले होऊ नये.

आमची गाडी २०१८ सालची डिझेल पिकअप. चौकात थांबली की थरथरायची, कधी बंदच पडायची. गॅस दिला की काळा धूर, चढाला दम नाही आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. स्कॅनर लावला तेव्हा दोष निघाला ई.जी.आर. व्हॉल्वचा. पहिल्यांदा तो साफ केला. चार महिने गाडी बरी चालली, पुन्हा तेच. दुसऱ्यांदा साफ केला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नवीन व्हॉल्व बसवला, खिसा रिकामा झाला, आणि काही महिन्यांत तोच दिवा परत लागला.

व्हॉल्वचे काम काय?

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. इंजिनात ज्वलनाची उष्णता फार वाढली की हे दोन्ही एकत्र येऊन नायट्रोजनचे विषारी वायू तयार होतात. ते छातीला घातक असतात. त्यावर उपाय म्हणून सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा भाग पुन्हा इंजिनाच्या हवेत सोडतात. या धुरात ऑक्सिजन कमी असल्याने ज्वलनाची आच मंद होते. केव्हा आणि किती धूर आत सोडायचा, हे ठरवणारे दार म्हणजे ई.जी.आर. व्हॉल्व. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बी.एस.-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम लागू झाल्यानंतर डिझेल गाड्यांत हे दार जवळजवळ सगळीकडे दिसते.

दाराला काजळी धरली की ते उघडेच अडकते. मग गाडी उभी असतानाही धूर आत शिरत राहतो, इंजिनाला साफ हवा कमी पडते, गाडी थरथरते आणि काळा धूर सोडते. दार बंद स्थितीत अडकले तर गाडी चालते, पण विषारी वायू वाढतात आणि दिवा लागतो. स्कॅनरवर पी ०४०१ आला तर धूर कमी वाहतो आहे, पी ०४०२ आला तर जास्त वाहतो आहे, असा अर्थ घ्यावा. पी ०४०३ आला तर आधी वायर आणि सॉकेट पाहावे.

मूळ दोष कुठे निघाला?

चौथ्या वेळी एका जुन्या उस्तादाने व्हॉल्वला हातही लावला नाही. त्याने आधी टेंपरेचरचा काटा पाहिला आणि विचारले, "भाईजान, गाडीचा थर्मोस्टॅट कोणी काढला?" तेव्हा आम्हाला आठवले. आदल्या उन्हाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तापली होती. तेव्हा एकाने थर्मोस्टॅट काढून टाकला होता, "आता कधी तापणार नाही" म्हणून. आम्ही खूश झालो होतो.

थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहते आणि इंजिन हवे तेवढे गरम होत नाही. त्यात आमची गाडी दुकान ते ट्रान्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट ते गोडाऊन अशी जवळच फिरणारी. थंड इंजिनात डिझेल पुरते जळत नाही आणि ओलसर, चिकट काजळी तयार होते. ती व्हॉल्ववर बसते. म्हणजे व्हॉल्व गुन्हेगार नव्हता, मार खाणारा होता. आणि घाटात गाडी तापली होती ती रेडिएटर धूळ-मातीने भरल्यामुळे! रेडिएटर साफ केला, नवीन थर्मोस्टॅट बसवला, व्हॉल्व धुतला. त्यानंतर तो दिवा पुन्हा लागला नाही.

आपल्या गल्ल्यावर कापडाचा ताका डाग पडलेला निघाला तर आपण तेवढा ताका बदलून गप्प बसत नाही. गाठ कुठे भिजली ते शोधतो. गाडीचेही तसेच आहे.

व्हॉल्व बदलण्याआधी काय तपासावे?

१. थर्मोस्टॅट आहे का आणि चालतो का? सकाळी थंड गाडी चालू केल्यावर रेडिएटरकडे जाणारा पाइप पहिली काही मिनिटे थंड राहायला हवा. लगेच कोमट होऊ लागला तर शंका घ्यावी. हात पंख्यापासून दूर ठेवावा, आणि गरम गाडीचे झाकण कधी उघडू नये.

२. एअर फिल्टर. आपल्याकडच्या धुळीत तो लवकर भरतो. हवा कमी पडली की काजळी वाढते.

३. टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज पाइप. क्लिप सैल किंवा पाइप फाटलेला असेल तर मोजलेली हवा वाटेतच निघून जाते, डिझेल मात्र पूर्ण पडते.

४. हवा मोजणारा सेन्सर आणि इंजेक्टर. इंजेक्टर डिझेल गाळत असेल तर कितीही व्हॉल्व बदला, उपयोग नाही.

५. रेडिएटरचे पाणी विनाकारण कमी होत असेल तर ई.जी.आर.चा कूलर फुटला आहे का ते पाहावे.

व्हॉल्व साफ करताना इंजिन थंड असावे. क्लीनर फक्त काजळीच्या बाजूला मारावा, मोटरच्या भागात जाऊ देऊ नये. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. पॅकिंग नवीन टाकावे. अनेक गाड्यांत नंतर स्कॅनरने संगणकाला व्हॉल्वची बंद जागा पुन्हा शिकवावी लागते. हे राहिले तर साफ व्हॉल्वसुद्धा दोष दाखवतो.

डमी पत्ती बसवू नका

पुष्कळ गॅरेजवाले पत्र्याची पत्ती लावून हे दार कायमचे बंद करून देतात. धूर कमी दिसतो, पी.यू.सी.ही मिळते, कारण डिझेल गाडीच्या पी.यू.सी.त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनचे वायू नाही. पण विष वाढतेच, आणि ते आपल्याच बाजारातल्या लेकरांच्या छातीत जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी चालवल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

चाचणीत पास होणे आणि प्रत्यक्षात साफ असणे यात फरक असतो, हे मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही उघड झाले आहे. आपल्याकडे प्रवासी वाहतुकीत गाजलेल्या टवेरा गाडीच्या चाचण्यांत घोळ निघाला, तेव्हा जुलै २०१३ मध्ये कंपनीने २००५ ते २०१३ या काळातल्या सुमारे १,१४,००० गाड्या परत बोलावल्या. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचा प्रकार जगभर गाजला. पुण्याच्या ए.आर.ए.आय. संस्थेने त्या रस्त्यावर तपासल्या तेव्हा नायट्रोजनचे वायू ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले.

खोटे माप ठेवून दुकान चालत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गाडीच्या बाबतीतही तोच हिशोब ठेवावा. मिस्त्रीने "व्हॉल्व गेला" म्हटले की पैसे काढण्याआधी एकच सवाल विचारा: "गेला ते कळले, पण का गेला?" जो मिस्त्री या सवालाचा नीट जवाब देईल, त्याच्याच हातात गाडी द्या.